आनंदीबाई जोशी आणि सुइणीचे हात



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे असा आग्रह अध्यक्षाबाईंनी धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भिशीची वही आणि हळदीकुंकवाचा हिशेब यापलीकडे माझ्या हातून कधी लेखन झाले नाही. फार तर बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची कृती लिहून द्यावी असे मनात होते. परंतु गेल्या पावसाळ्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र माझ्या वाचनात आले आणि ते डोक्यातून जाईना. काशीबाई कानिटकरांनी ते १८८९ साली लिहिले. काशीबाई स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या, घरच्या घरी चोरून शिकल्या, हे कळल्यावर मला जरा धीर आला. म्हणून लाडू बाजूला ठेवून आनंदीबाईंविषयीच लिहिते. चूकभूल मैत्रिणींनी पदरात घ्यावी.

आनंदीबाई पहिल्या हिंदू स्त्री डॉक्टर, एवढे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २०१९ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तोही पुष्कळजणींनी पाहिला आहे. अमेरिका, बोट, तापट नवरा हे सारे त्यामुळे माहीत झाले. पण अमेरिकेत राहून त्यांनी शेवटी निबंध कशावर लिहिला हे मला ठाऊक नव्हते, आणि मी विचारले त्या दहाजणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. तो निबंध होता आपल्या बाळंतपणांवर. आपल्या पूर्वजांची बाळंतपणाची विद्या काय होती, यावर.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणचे जोशी हे त्यांचे माहेर, आणि माहेरचे नाव यमुना. घराणे एके काळी जमीनजुमल्याचे. पुढे परिस्थिती उतरली. नऊ वर्षांची असताना, १८७४ साली, यमुनेचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी हा मूळ संगमनेरचा, टपालखात्यात नोकरीला, बिजवर आणि वयाने कितीतरी मोठा. त्याला बायको शिकलेलीच हवी होती. त्या काळी बायकोने पुस्तक हातात घेतले तर घरात रडारड व्हायची. इथे उलटा प्रकार. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली की त्याचा हात उठे. खुर्च्या-पुस्तके अंगावर येत, लाकडाचा मारही तिने खाल्ला. पुढे मोठेपणी तिने हे सगळे नवऱ्यालाच पत्रात लिहून कळवले आहे आणि त्याच पत्रात त्याचे उपकारही मानले आहेत. मी ते दोनदा वाचले. नवऱ्याने मारून शिकवले हे चांगले की वाईट, यावर आमच्या ओट्यावर बराच वाद झाला. माझे मत विचाराल तर मार तो मारच. शिकवायला गोड शब्दही पुरतात. पण तिला डॉक्टर होण्याची जिद्द मिळाली ती या मारातून नव्हे.

ती मिळाली १८७८ साली. त्या वर्षी तिला मुलगा झाला. आईच तेव्हा चौदा वर्षांच्या आतबाहेरची. बाळ दहा दिवस जगले आणि गेले. वेळेवर योग्य उपचार मिळाला असता तर ते वाचले असते, ही गोष्ट तिच्या मनात कायमची बसली. पुरुष डॉक्टर होते, पण त्यांच्यापुढे आपल्या बायका अंग दाखवीत नसत, दुखणे तोंडातून काढीत नसत. बाई डॉक्टर तर आपल्याकडे एकही नव्हती.

हे दहा दिवस वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. का ते सांगते; शेजारणींना थोडेफार ठाऊकच आहे.

माझी आजी, आईची आई, सुईण होती. पैठणच्या अलीकडच्या पाच-सात खेड्यांत तिचा हात फिरला होता. अडलेली बाई असो की लचकलेला पाय, रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस दारात उभा राही. बाळाची टाळू भरणे, बाळंतिणीचे पोट बांधणे, मानेची शीर धरली असेल तर ती मोकळी करणे, हे सगळे ती करी. कुणाच्या कमरेत उसण भरली की मात्र ती माझ्या मामाकडे बोट दाखवी. मामा पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, आणि पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की उसण निघते अशी आपल्याकडे समजूत. त्याने किती उसणी खरोखर निघाल्या कोण जाणे, पण मामाला दर वेळी चहा मिळे. आजीचे एक मला पक्के आठवते. बोलावणे आले की ती आधी बांगड्या कोपरापर्यंत सारी, नखे बोटाबरोबर काढी आणि राखेने हात घासून धुई. मग उंबरा ओलांडी. आणि मूल आडवे आहे असे पोटावर हात ठेवताच कळले तर ती हात लावायची नाही. गाडी जुंपायला सांगायची आणि औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात पाठवायची. त्यावरून लोकांचे बोलणेही तिने खाल्ले. सरकारने गावोगावच्या सुइणींना शिकवण दिली त्या वेळी तिला एक पत्र्याची पेटी मिळाली होती. दोरा आणि पाते उकळून घेण्याची सवय तिला तेव्हापासूनची.

१९९९ साली माझे पहिले बाळंतपण माहेरी झाले तेव्हा आजी हयात नव्हती. दुसरी एक बाई आली. तिचे नाव इथे घेत नाही. तीही आता नाही. नाळ विळ्याने कापली आणि वर गोवरीची राख लावली. मुलगा गोरा, भरलेला होता. पाचवी पुजली. सहाव्या दिवशी तो दूध ओढीना, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखे वाकले. आठव्या दिवशी गेला. घरातल्या थोरांनी सटवाईचे नाव घेतले. तो धनुर्वात होता, हे मला फार पुढे समजले. गरोदरपणात घ्यायची दोन इंजेक्शने मी घेतली नव्हती. नर्सबाई अंगणवाडीत आल्या त्या दिवशी मी सुईच्या भीतीने शेतात जाऊन बसले होते. हेही लिहिलेच पाहिजे, नाहीतर सगळा दोष त्या बाईच्या विळ्यावर जाईल. पुढे घरोघर इंजेक्शने पोचली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशात बाळंतिणीचा व तान्ह्या मुलाचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे जाहीर केले. ती बातमी कळली त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

असो. आनंदीबाईंकडे वळते.

मूल गेल्यावर गोपाळरावांनी बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी पत्रे लिहायला सुरुवात केली. एका मिशनऱ्याला लिहिलेले त्यांचे पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. तिथे ते मासिक सहज त्यांच्या हाती लागले आणि पत्र वाचून त्यांना कळवळा आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, पत्रास पत्र झाले, आणि न पाहिलेल्या त्या बाईला आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. दात दुखला नसता तर काय झाले असते, असे माझ्या मनात येऊन गेले.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी कलकत्त्याकडे. तिथे आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे. डोके दुखे, ताप येई. तशातच अमेरिकेचा बेत ठरला. लोक खवळले. बाईमाणूस, एकटी, समुद्रापलीकडे, म्हणजे धर्म बुडालाच. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात (हे बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे) त्यांनी सभेत उभे राहून इंग्रजीत भाषण केले. आपल्या देशात स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे ते सांगितले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे सर्वांसमक्ष कबूल केले. वय अठराला महिना कमी. आपल्या मंडळात आभारप्रदर्शन करायचे तर आपण एकमेकींना पुढे ढकलतो!

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. सोबतीला नवरा नव्हता. ओळखीच्या मिशनरी बायका होत्या. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या. उन्हाळाभर आनंदीबाई त्यांच्या घरी राहिल्या, आणि मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. केवळ बायकांना डॉक्टरी शिकवण्यासाठी १८५० साली निघालेले ते कॉलेज. तिथल्या मुख्य रेचेल बॉडलीबाई यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. पुढे जपानची केइको ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली याही तिथे शिकत होत्या. १८८५ सालचा तिघींचा एकत्र फोटो आहे, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई लुगड्यात. मी तो फोटो भिंगाखाली धरून पाहिला. थंडी, बर्फ, चुलीचा धूर, परके अन्न, आणि त्यात मांसाहार करायचा नाही हा नेम. दुखणे तिथेच वाढत गेले. खोकला लागला. पण अभ्यास सुटला नाही.

आता निबंधाची गोष्ट.

पदवी घेण्यापूर्वी प्रत्येकीने एका विषयावर निबंध लिहायचा असे. कॉलेजात नवे शास्त्र शिकवीत होते. चिमटे, शस्त्रे, बेशुद्ध करण्याचे औषध, जंतूंची नवी माहिती. बाकीच्या त्यातलाच एखादा विषय घेत असतील. आनंदीबाईंनी विषय घेतला प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदाचे जुने ग्रंथ आणि अमेरिकेतली वैद्यकाची पुस्तके, दोन्हींचा आधार घेऊन त्यांनी तो लिहिला. ज्या देशात आपले बाळ दहाव्या दिवशी गेले, त्याच देशाची बाळंतपणाची विद्या त्या परक्या मास्तरीणबाईंपुढे मांडायला निघाल्या. मला हे प्रथम नवल वाटले. राग यायला हवा होता, असे वाटले. मला आला होता. मुलगा गेल्यावर मी आजीची ती पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली आणि सुईण हा शब्द घरात काढू दिला नाही. पुढची माझी दोन्ही बाळंतपणे दवाखान्यात झाली आणि मी कुणाला अंगाला तेलसुद्धा लावू दिले नाही.

तेव्हा जुन्या ग्रंथांत आहे तरी काय, हे बघावे म्हणून मी मंडळातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेले. त्यांच्या घरी सुश्रुतसंहितेचे मराठी भाषांतर आहे. आयुर्वेदातल्या शस्त्रविद्येत सुश्रुताचे नाव पहिले. दुपारची कामे आटोपून आम्ही दोघी चार-पाच दिवस ते पुस्तक घेऊन बसत होतो. बाईंनी वाचावे, मी शेंगा फोडीत ऐकावे. शारीरस्थान म्हणून जो भाग आहे त्यात बाळंतपण आहे. बाळंतिणीजवळ चार बायका असाव्यात. वयाने पोक्त, बाळंतपणाच्या कामात कुशल, आणि त्यांनी नखे कापलेली असावीत, असे तिथे लिहिले आहे.

मी बाईंना ते पुन्हा वाचायला लावले. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात नखे! आणि आजीला अक्षरओळख नव्हती. तिला तिच्या सासूने शिकवले, सासूला तिच्या सासूने. मधल्या एखाद्या सुनेने कंटाळा केला असेल तिथे ती साखळी तुटली असेल. माझ्या वाट्याला तुटलेलीच आली.

पुढे नाळेचे आहे. आठ बोटे अंतर सोडून दोऱ्याने बांधून मग कापावी. बाळंतिणीला बलातेलाने चोळावे. बला म्हणजे आपल्या बांधावर उगवतो तो चिकणा. अडलेल्या बाईचा वेगळा अध्याय आहे. मूल पोटात वेडेवाकडे असेल तर हाताला तूप वगैरे लावून, आत हात घालून ते कसे सरळ करावे, एक पाय पुढे आला असेल तर काय, बैठक पुढे असेल तर वर सारून पाय कसे मोकळे करावे, सारे खुलाशाने. ऐकताना अंगावर काटा येतो. पण हे काम वैद्याचे, आणि ते फार अवघड आहे हेही ग्रंथ बजावतो. त्यामुळे आजीने आडव्या मुलाला हात लावला नाही हे तिचे अज्ञान नव्हते असे मी आता समजते.

युरोपात मुलाला पायांकडून फिरवून काढण्याची ही हाताची विद्या सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोआझ पारे नावाच्या शस्त्रवैद्याने पुन्हा सुरू केली. त्याच्यामागून इंग्लंडात चेंबरलेन घराण्याने प्रसूतीचा चिमटा शोधला, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तो घरातल्या घरात गुप्त ठेवला. औषध सांगितले की गुण जातो म्हणणारे आपलेच वैद्य नव्हेत, तिकडचेही तसेच! आणि नखांची गोष्ट तर पुढेच आहे. व्हिएन्ना शहराच्या मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने बायका कितीतरी जास्त मरत. सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली शोधून काढले, की विद्यार्थी प्रेते फाडून तसेच बाळंतिणीकडे येतात, आणि रोग त्यांच्या हातावरून जातो. त्याने चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि मरण झपाट्याने उतरले. मोठमोठ्या डॉक्टरांना ते रुचले नाही. हा सेमेलवाईस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. तेच आनंदीबाईंच्या जन्माचे साल.

म्हणजे घाण हात इथलेही होते आणि तिथलेही. स्वच्छ हातही दोन्हीकडे होते. आनंदीबाईंनी दोन्हीकडची पुस्तके एका निबंधात शेजारी-शेजारी का मांडली असतील, हे मला शेंगा फोडता फोडता उमजले असे वाटते. अर्थात त्या विदुषी, मी आपली अंदाज बांधणारी.

जुने ते सारे सोने असे मात्र कुणी यातून काढू नये. त्याच ग्रंथांत आज कुणी करू नये अशाही गोष्टी आहेत. आणि कळा लवकर याव्यात म्हणून पोट दाबणे, चोळणे हे आपल्याकडे अजून कुठे कुठे चालते, त्याने आईही जाते आणि मूलही. आनंदीबाई नवी विद्या शिकायलाच सातासमुद्रापार गेल्या होत्या हे विसरून चालणार नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. एकविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस बाकी होते. समारंभाला गोपाळराव होते. ते आदल्या वर्षी तिकडे पोचले होते. पंडिता रमाबाई मुद्दाम हजर राहिल्या. व्हिक्टोरिया राणीने अभिनंदन कळवले. कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात, बायकांच्या विभागावर केली. आज तेच इस्पितळ छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने चालते. सभेत मागितले तेच काम हाताशी आले होते.

पण फुफ्फुसांनी दगा दिला. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. ज्या लोकांनी जाताना शिव्या दिल्या त्यांनीच परत येताना हारतुरे आणले. कोल्हापूरला जाण्याइतकी शक्तीच राहिली नव्हती. क्षयाला त्या वेळी अमेरिकेतही औषध नव्हते. जंतू कोणता ते १८८२ साली जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी दाखवले, पण मारणारे औषध मिळायला आणखी साठ वर्षे जायची होती. पुण्यात आणून त्यांच्यावर वैद्याची औषधे सुरू केली. परदेशची पदवी घेतलेली डॉक्टर शेवटी देशी वैद्याच्या पुड्या घेत होती. त्यालाही यश आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. एकही बाळंतपण आपल्या देशात त्यांच्या हातून व्हायचे राहिले.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्कजवळच्या पकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या आणि वर दगड बसवला. माझ्या मुलाला आमच्या बांधावरच्या लिंबाखाली ठेवले आहे. आता त्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, मोठे रस्ते झाले. आमचा बांध अजून आहे.

निबंधाची हकिकत वाचल्यावर मी माळ्यावरून आजीची पेटी काढली. पत्रा गंजला आहे. आत दोऱ्याचे एक रीळ, काळवंडलेली कात्री आणि एक साबणाची वडी निघाली, दगडासारखी वाळलेली. ती पुसून मी देवघराच्या फडताळात ठेवली आहे.

माझी थोरली लेक पौषात मोकळी होईल. तिचे नाव सरकारी दवाखान्यात घातले आहे, दोन्ही इंजेक्शने झाली आहेत, कार्ड माझ्या ट्रंकेत आहे. बाळंतपण दवाखान्यातच. घरी आणल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारून मगच तिला चोळायला गल्लीतल्या मावशी येणार आहेत. चिकण्याचे तेल घालून ठेवायला सांगितले आहे. परवा मावशींना मी नखांचे बोलले तेव्हा त्यांना राग आला. एवढी बाळंतपणे झाली, कुणी बोट दाखवले नाही, असे म्हणून त्या उठून गेल्या. काल संध्याकाळी भाजी घ्यायला आल्या तेव्हा मी न बोलता त्यांच्या हातांकडे पाहिले. नखे काढलेली होती.